एका मताची किंमत : ओकलंडच्या बार्बरा ली यांचा पन्नास वर्षांचा हिशेब

वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षे पूर्ण झालेली. सव्वीस वर्षांची खासदारकी नुकतीच संपलेली. त्याआधीच्या वर्षी सिनेटच्या निवडणुकीत सपाटून पराभव झालेला. अशा वेळी माणसाने काय करावे? नातवंडांत रमावे, आठवणी लिहाव्यात, कुणी बोलावले तर सत्काराला जावे, असेच कोणीही सांगेल. अमेरिकेतील ज्येष्ठ कृष्णवर्णीय नेत्या बार्बरा ली यांनी मात्र जानेवारी २०२५ मध्ये आपल्या ओकलंड शहराच्या महापौरपदासाठी उमेदवारी जाहीर केली. १५ एप्रिलला मतदान झाले, त्या निवडून आल्या आणि मे महिन्यात त्यांनी सूत्रे हाती घेतली. ओकलंडच्या महापौरपदी बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला होत.

ही निवडणूक सोपी नव्हती आणि त्यांच्याविरुद्धचा युक्तिवादही पोकळ नव्हता. आयुष्यभर कायदे करण्यात गेले, नगरपालिका चालवण्याचा अनुभव कुठे आहे? नव्या रक्ताला वाव कधी मिळणार? हे प्रश्न तिथल्या मतदारांनी विचारले. असे प्रश्न आपल्या वस्तीतही प्रत्येक निवडणुकीला निघतात. म्हणून बार्बराबाईंच्या कामाचा जमाखर्च आपल्या वाचकांपुढे मांडावा असे वाटले.

दवाखान्याच्या दारापासून

बार्बरा ली यांचा जन्म १६ जुलै १९४६ रोजी टेक्सास राज्यातील एल पासो या गावी झाला. आई बाळंतपणासाठी दवाखान्यात गेली तेव्हा कातडीचा रंग पाहून तिला आत घेण्यास नकार मिळाला. हुज्जत घालून प्रवेश मिळाला, पण शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. बाई तशीच पडून राहिली. अखेर चिमटा लावून मूल बाहेर काढावे लागले. मायलेकी दोघीही थोडक्यात बचावल्या. बार्बराबाईंनी ही हकीकत अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. ज्यांच्या आया-आज्यांनी गावकुसाबाहेर दिवस काढले, त्यांना ती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

१९६० साली हे कुटुंब कॅलिफोर्नियात आले. हायस्कूलच्या सामन्यांत संघाला प्रोत्साहन देणाऱ्या मुलींच्या पथकात काळ्या मुलींना घेत नसत. हे पाहून बार्बरा मुकाट्याने बसली नाही. तिने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संस्थेची मदत घेतली, निवडीची पद्धत बदलायला लावली आणि पथकातली पहिली काळी मुलगी म्हणून मैदानात उतरली. गोष्ट लहान आहे, पण पुढच्या आयुष्याची रीत तिच्यात दिसते. नियमच वाईट असेल तर नियम बदलायचा.

लहान वयात लग्न झाले, दोन मुलगे झाले आणि संसार मोडला. एकटी आई म्हणून सरकारी मदतीवर आणि अन्नकुपनांवर दिवस काढत त्यांनी ओकलंडच्या मिल्स कॉलेजात शिक्षण सुरू ठेवले. मुलांना सांभाळायला कोणी नसले की त्यांना वर्गातच घेऊन जावे लागे. १९७३ साली त्या पदवीधर झाल्या आणि १९७५ साली बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची समाजकार्याची पदव्युत्तर पदवी त्यांनी घेतली. शिकत असतानाच त्यांनी बर्कलेत मानसिक आरोग्याचे एक केंद्र उभारले. मोलमजुरी करून, लेकरे पदराला बांधून रात्रशाळेत गेलेल्या आपल्या कितीतरी भगिनी या चित्रात स्वतःला ओळखतील.

“मतदार म्हणून नाव नोंदवले आहेस का?”

१९७२ साली शर्ली चिझम या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभ्या राहिल्या. चिझम म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधून १९६८ साली संसदेवर निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. मिल्स कॉलेजात कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्ष असलेल्या बार्बरा यांनी त्यांना व्याख्यानाला बोलावले होते. त्या सत्रात एका विषयासाठी कुठल्या तरी उमेदवाराच्या प्रचारात काम करणे सक्तीचे होते. कोणताच उमेदवार आपला वाटत नसल्याने नापास व्हायचीही त्यांची तयारी होती. भाषणानंतर त्या चिझम यांना भेटल्या आणि तुमच्यासाठी काम करीन म्हणाल्या. चिझमबाईंनी आधी एवढेच विचारले, की मतदार म्हणून तुझे नाव नोंदवले आहे का? नोंदवलेले नव्हते.

त्यांनी नाव नोंदवले, प्रचारात उडी घेतली आणि चिझम यांच्या प्रतिनिधी म्हणून पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात बसल्या. चिझम यांना उमेदवारी मिळाली नाही, पण त्या मोहिमेने एक कार्यकर्ती घडवली. आपल्या घरातल्या अठरा वर्षांच्या मुलामुलींची नावे मतदार यादीत आहेत की नाहीत, हे या निमित्ताने तपासून पाहायला हरकत नाही.

त्याच काळात बार्बराबाई ब्लॅक पँथर पक्षाच्या लोकोपयोगी कामातही स्वयंसेविका होत्या. ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ज्या ओकलंडमध्ये हा पक्ष स्थापन केला, तेच हे शहर. १९७२ साली मुंबईत ज. वि. पवार, नामदेव ढसाळ, राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलित पँथर उभी केली, तेव्हा नावाची प्रेरणा याच ओकलंडच्या पँथरकडून आली. पँथर म्हटले की लोकांना काळे जाकीट आणि बंदूक आठवते. पण ओकलंडच्या पँथरनी १९६९ पासून शाळकरी मुलांना सकाळची न्याहारी फुकट दिली, मोफत दवाखाने चालवले आणि गरिबांच्या घरी किराणा पोचवला. त्या किराण्याच्या पिशव्या भरणाऱ्या हातांत बार्बराबाईंचेही हात होते.

१९७३ साली बॉबी सील ओकलंडच्या महापौरपदासाठी उभे राहिले आणि दुसऱ्या फेरीपर्यंत पोचून हरले. त्यांच्या प्रचारात बार्बराबाई होत्या. त्या पराभवानंतर बावन्न वर्षांनी त्याच खुर्चीवर त्या स्वतः बसल्या.

सहायकापासून आमदारकीपर्यंत

१९७५ साली त्या ओकलंड-बर्कलेचे खासदार रॉन डेलम्स यांच्या कार्यालयात रुजू झाल्या आणि पुढे त्यांच्या मुख्य सहायक बनल्या. डेलम्स यांचे काका सी. एल. डेलम्स हे ओकलंडमधील रेल्वेच्या शयनडब्यांतील कृष्णवर्णीय नोकरांच्या संघटनेचे पुढारी होते. म्हणजे घराण्यातच कामगार चळवळ होती. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीवर आर्थिक निर्बंध घालण्यासाठी डेलम्स वर्षानुवर्षे झगडले. १९८६ साली तसा कायदा संसदेने केला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो नाकारला, तेव्हा संसदेने त्यांचा नकार बाजूला सारून तो अमलात आणला. एखादी मागणी चौदा-पंधरा वर्षे चिकाटीने मांडत राहिले की ती कायद्यात उतरते, हे बार्बराबाईंनी तिथे जवळून पाहिले.

१९९० साली त्या कॅलिफोर्नियाच्या विधानसभेवर निवडून आल्या आणि १९९६ साली राज्याच्या सिनेटवर गेल्या. गव्हर्नर विरोधी पक्षाचे असूनही शाळांतील द्वेषमूलक गुन्हे आणि स्त्रियांवरील हिंसाचार या प्रश्नांवरचे त्यांचे कायदे मंजूर झाले. १९९४ साली तिसऱ्या गुन्ह्याला पंचवीस वर्षे ते जन्मठेप देणारा कडक कायदा तिथे आला. वातावरण असे होते की विरोध करणारा गुन्हेगारांचा कैवारी ठरे. तरीही विरोधात उभ्या राहिलेल्या मोजक्या आमदारांत बार्बराबाई होत्या. किरकोळ चोरीसाठीही माणसे जन्माची तुरुंगात गेली आणि त्यांत काळ्यांचे प्रमाण मोठे होते. २०१२ साली मतदारांनीच जनमताने तो कायदा सौम्य केला.

१४ सप्टेंबर २००१

एप्रिल १९९८ मध्ये डेलम्स यांच्या जागी पोटनिवडणूक होऊन बार्बराबाई राष्ट्रीय संसदेच्या प्रतिनिधिगृहात पोचल्या. तीन वर्षांनी ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला. जवळपास तीन हजार माणसे मेली. देश दुःखात आणि संतापात बुडाला होता. तीनच दिवसांत राष्ट्राध्यक्षांना बळाचा वापर करण्याचा अधिकार देणारा ठराव आला. त्याचा गाभा साठ शब्दांचा होता. कोणत्या देशाविरुद्ध, किती काळ, कुठपर्यंत, याची कसलीच मर्यादा त्यात नव्हती.

त्या दिवशी दुपारी वॉशिंग्टनच्या मोठ्या चर्चमध्ये शोकसभा झाली. आपण जे दुष्कृत्य धिक्कारतो, तेच आपल्या हातून घडू नये, अशा आशयाची प्रार्थना तिथे झाली. रात्री सभागृहात बोलायला उठल्या तेव्हा बार्बराबाईंचा आवाज भरून आला होता. त्यांनी त्याच प्रार्थनेची आठवण दिली आणि क्षणभर थांबून परिणामांचा विचार करा असे सांगितले. भाषण दोन मिनिटांचेही नव्हते. मतदान झाले. बाजूने ४२०, विरोधात १. सिनेटमध्ये तर विरोधात एकही मत पडले नव्हते.

मग व्हायचे ते झाले. देशद्रोही म्हणून शिव्या झाल्या, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, पोलिसांचे संरक्षण घ्यावे लागले. पण दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियात लढलेल्या, लष्करातून निवृत्त झालेल्या वडिलांनी तू योग्य केलेस असे सांगितले. आणि २००२ साली मतदारांनी त्यांना ऐंशी टक्क्यांहून अधिक मतांनी परत निवडून पाठवले.

पुढे काय झाले ते जगाने पाहिले. त्या साठ शब्दांच्या आधारे एकामागून एक राष्ट्राध्यक्षांनी डझनाहून अधिक देशांत लष्करी कारवाया केल्या. अफगाणिस्तानातील युद्ध वीस वर्षे चालले आणि २०२१ साली तालिबान पुन्हा काबूलमध्ये आले.

एकदा विरोध नोंदवून बार्बराबाई घरी बसल्या नाहीत, हे अधिक महत्त्वाचे. २००२ साली इराकविरुद्धच्या ठरावाला त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघामार्फत मार्ग काढण्याची दुरुस्ती सुचवली. तिला ७२ मते पडली. पुढे वर्षामागून वर्षे त्या हे अधिकार मागे घेण्याचे विधेयक आणत राहिल्या. २०१७ साली खर्चविषयक समितीत त्यांची दुरुस्ती मंजूर झाली, तर पक्षनेतृत्वाने ती पुढे गाळून टाकली. जून २०२१ मध्ये इराकविषयक अधिकार रद्द करण्याचे त्यांचे विधेयक प्रतिनिधिगृहात २६८ विरुद्ध १६१ मतांनी संमत झाले आणि सिनेटमध्ये अडकले. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संरक्षण खर्चाच्या कायद्यातून तो इराकविषयक ठराव रद्द झाला. तेव्हा त्या संसदेत नव्हत्या. २००१ चा मूळ ठराव मात्र त्या वेळीही कायम राहिला.

एक ते बहात्तर आणि बहात्तर ते दोनशे अडुसष्ट, हा प्रवास वीस वर्षांचा आहे. आमदार-खासदाराने बराच काळ टिकावे का, या प्रश्नाचे एक उत्तर या आकड्यांत आहे. काही कामे एका मुदतीत होतच नाहीत.

दुसरे काम एड्सविरुद्धचे. १९९८ साली ओकलंडच्या आलामेडा जिल्ह्याने कृष्णवर्णीयांतील एड्सबाबत आणीबाणी जाहीर केली. त्या मोहिमेत त्या पुढे होत्या. स्वतःच्या वस्तीतले दुखणे त्यांनी आफ्रिकेतल्या दुखण्याशी जोडले. २००३ साली राष्ट्राध्यक्ष बुश यांनी पाच वर्षांसाठी पंधरा अब्ज डॉलरची एड्स निवारण योजना मंजूर केली, तिच्या कायद्याच्या शिल्पकारांत बार्बराबाई होत्या. ज्या बुश यांच्या युद्धाला त्यांनी एकटीने विरोध केला, त्यांच्याच बरोबर बसून त्यांनी हे काम केले. या योजनेने अडीच कोटी जीव वाचवले असा अमेरिकी सरकारचा हिशेब आहे. २०२५ साली परदेशी मदत रोखली गेली तेव्हा तिलाही मोठा धक्का बसला.

विरोधकांचे म्हणणे

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे.

पहिला आक्षेप वयाचा. कॅलिफोर्नियाच्याच सिनेटर डायान फाइनस्टाइन २०२३ साली वयाच्या नव्वदाव्या वर्षी पदावर असतानाच वारल्या. शेवटच्या काळात आजारपणामुळे त्यांची अनुपस्थिती आणि कामाची क्षमता हा देशभर चर्चेचा विषय झाला होता. जुनी माणसे खुर्ची सोडत नाहीत आणि तरुणांचा कोंडमारा होतो, ही तक्रार खरी आहे. फाइनस्टाइन यांच्या जागेसाठी बार्बराबाई उभ्या राहिल्या. मार्च २०२४ च्या प्राथमिक फेरीत त्या चौथ्या आल्या आणि दहा टक्के मतेही मिळाली नाहीत. राज्यभर प्रचाराला लागणारा पैसा त्यांच्यापाशी नव्हता हे खरे, पण मतदारांचा कौलही स्पष्ट होता.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. मुंबईत महापौराचे पद मानाचे आणि खरा कारभार आयुक्तांच्या हाती, तसे ओकलंडमध्ये नाही. तिथे महापौर हाच कारभाराचा प्रमुख असतो आणि प्रशासक तोच नेमतो. विरोधी उमेदवार लॉरेन टेलर हे माजी नगरसेवक होते. २०२२ साली ते सातशेपेक्षाही कमी मतांनी हरले होते. शहराचा ताळेबंद कळणारा माणूस हवा, हा त्यांचा मुद्दा अनेकांना पटला. म्हणूनच बार्बराबाईंना एवढ्या नावलौकिकानंतरही निम्म्याहून थोडीच अधिक मते पडली.

आणि शहराची अवस्था? आधीच्या महापौर शेंग थाओ यांना नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी परत बोलावले होते. अंदाजपत्रकात मोठी तूट होती. पोलीस खात्यावर २००३ साली बसवलेली न्यायालयाची देखरेख वीस वर्षे उलटूनही उठली नव्हती. पुलाखाली आणि रस्त्याकडेला तंबू ठोकून राहणारी माणसे होती. पाच वर्षांत बास्केटबॉल, फुटबॉल आणि बेसबॉल असे तिन्ही मोठे संघ शहर सोडून गेले. १९८० साली शहरात जवळपास निम्मे लोक कृष्णवर्णीय होते, ते २०२० पर्यंत एक-पंचमांशाच्या आसपास आले. घरभाडे परवडेना म्हणून पँथरच्या गावातूनच पँथरची लेकरे बाहेर फेकली गेली. हाती आलेली मुदतही पुरी चार वर्षांची नव्हती. आधीच्या महापौरांची उरलेली, म्हणजे जानेवारी २०२७ पर्यंतचीच होती.

यात एक गोष्ट बार्बराबाईंच्या बाजूने नोंदवली पाहिजे. संसदेतली सुरक्षित जागा त्यांनी सोडली आणि तिथे १९७७ साली जन्मलेल्या लतीफा सायमन निवडून आल्या. म्हणजे तरुण पिढीची वाट मोकळी झाली आणि स्वतः त्यांनी जिथे मान कमी आणि मनस्ताप जास्त, ते काम पत्करले. त्यांचे गुरू डेलम्सही सत्तावीस वर्षांच्या खासदारकीनंतर २००७ साली याच शहराचे महापौर झाले होते आणि एका मुदतीनंतर निवृत्त झाले. मोठ्या पदावरून गावच्या कामाकडे येण्यात कमीपणा नाही, हा तिथला पायंडा आहे.

आपल्यासाठी यात काय?

एक प्रश्न मनात येतो. चारशे वीस जणांविरुद्ध एकटीने हात वर करण्याचे धैर्य कुठून आले? स्वभाव होताच, पण स्वभावाच्या मागे मतदारसंघ होता. ओकलंड-बर्कलेच्या लोकांनी त्यांना अशाच मतासाठी पाठवले होते आणि त्या मतानंतर त्यांनी पाठ फिरवली नाही. ज्याला आपल्याच लोकांनी निवडले आहे, त्याला आपल्या लोकांचे बोलता येते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मतदारसंघांचा आग्रह धरला तो याचसाठी. १९३२ च्या पुणे करारानंतर राखीव जागा मिळाल्या, पण त्या जागांवरचा प्रतिनिधी बहुसंख्य इतरांच्या मतांवर अवलंबून राहिला. मग सभागृहात अत्याचाराचा विषय निघाला की पक्षाच्या आदेशाकडे बघत बसायची पाळी येते. दोष एकट्या माणसाचा नसतो, पण माणूस अगदी निर्दोषही नसतो. १९५२ साली खुद्द बाबासाहेबांना उत्तर मुंबईत पराभव पत्करावा लागला. त्यानंतर ते राज्यसभेत गेले आणि बोलत राहिले. पराभवाने लोकसेवा संपत नाही, हे आपल्याला ओकलंडकडून शिकण्याची गरज नाही. ते आपल्या घरातच आहे.

ओकलंडकडून घ्यायचे ते वेगळे. तिथल्या लोकांनी आपल्या प्रतिनिधीचा हिशेब ठेवला. कोणत्या ठरावावर मत कुठे पडले, कोणते विधेयक आणले, किती वेळा आणले, पडले तर पुन्हा आणले का, हे त्यांना ठाऊक होते. आपण काय लक्षात ठेवतो? जयंतीला किती मोठा फलक लावला आणि मंडळाला किती वर्गणी दिली, हे. आमच्या वस्तीत तीस वर्षे आमदार असलेल्या माणसाने विधिमंडळात काय विचारले, हे सांगणारे दहा लोक मिळणार नाहीत. मग तो पुन्हा उभा राहिला की आपण त्याचे वय मोजतो किंवा पोटजात मोजतो, कारण मोजायला दुसरे काही आपण जपूनच ठेवलेले नसते.

ज्येष्ठ माणसाने पदावर राहावे की जावे, याचे उत्तर जन्मतारखेत नाही. गेल्या पाच वर्षांत त्याने कोणाची नाराजी ओढवून घेतली, कोणाला शिकवून तयार केले आणि हाती घेतलेले कोणते काम तो अजून तडीस नेऊ शकतो, हे विचारावे. उत्तरे मिळाली तर पांढऱ्या केसांची अडचण वाटू नये. उत्तरे नसतील तर चाळिशीचा उमेदवारही आपल्या कामाचा नाही. पुढची निवडणूक नगरसेवकाची असो की आमदाराची, प्रचाराची गाडी दारात आली की हे तीन प्रश्न घरातल्या बायामाणसांनीच पुढे होऊन विचारावेत. आणि उत्तर कागदावर लिहून ठेवावे.